गाडीला विचारलेला रस्ता

अण्णा, परवा मी पुन्हा तुमच्या रस्त्याने गेले. बाजारामागची गल्ली, मग नाल्याच्या कडेचा लांबट रस्ता, मग पिठाच्या गिरणीवरून वळून शाळेच्या मागच्या भिंतीलगत. तुम्ही म्हणाला असतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे, रस्ता आहे, माणसं जातात. पण तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं झाली, आणि बोरीवलीत एखादा रस्ता तीस वर्षांनंतर होता तिथेच सापडणं ही आता सांगण्यासारखीच गोष्ट आहे. आपली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर झाला. तुम्ही कामाला जायचात तो छापखाना होता तिथे दातांचा दवाखाना आहे. मी त्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहते. लिफ्ट दोन आहेत, एक चालू असते. नोकरी संपून सहा वर्षं झाली. ऑफिसात मला सगळे घाबरायचे असं निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी हसत हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. काम वेळेवर व्हायचं.

हल्ली मी एक ॲप करायला मदत करते. हे तुम्हाला कसं समजावू? आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि त्या फोनमध्ये नकाशा असतो. इथून तिथे कसं जायचं असं विचारलं की तो रस्ता दाखवतो, मिनिटंही सांगतो. पण तो नकाशा सगळ्यांना पाय आहेत असं धरून चालतो. पादचारी पूल चढा, उतरा, सात मिनिटं. ज्याला पुलाची पहिली पायरीच चढता येत नाही त्याने त्या सात मिनिटांचं काय करायचं? आमच्या नकाशात फक्त बिनपायऱ्यांचे रस्ते असतात. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांसाठी, वॉकर घेऊन चालणाऱ्यांसाठी, गुडघे गेलेल्यांसाठी. लांब पडले तरी चालतील, पण खात्रीचे.

हे काम मुळात माझं नव्हे. ते पाचव्या मजल्यावरच्या मुलीचं. मुलगी म्हणते खरी, पण तिशीला आली आहे. जन्मापासून तिच्या पायांत बळ नाही, व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चालवते. डिझाइनचं शिक्षण घेतलेलं, घरून कॉम्प्युटरवर काम करते. पावणेदोन वर्षांपूर्वी तिने सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली, आजूबाजूचे रस्ते तपासायला माणसं हवी होती म्हणून. अकरा जण आले, त्यातले सात चहासाठी. तिने फॉर्म वाचून दाखवला. पहिलाच प्रश्न, ‘रस्ता सोयीचा आहे का? हो किंवा नाही.’

मी म्हटलं, “हा प्रश्न काढून टाक.”

“का हो काकू?”

“कोणाच्या सोयीचा? आपल्या सेक्रेटरींना विचारलंस तर ते म्हणतील, सगळंच सोयीचं आहे.”

सेक्रेटरी समोरच बसले होते. ते म्हणाले, “मी कधी असं म्हटलं?” आणि लगेच म्हणाले, “पण आहेच ना सोयीचं!” ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मग माझ्याकडे कागद सरकवून म्हणाली, “तुम्हीच करा ना मग नवा फॉर्म.” तिला वाटलं असेल, बाई गप्प बसेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला करून दिला.

माझा फॉर्मही चुकीचाच होता. मी साधा प्रश्न ठेवला होता, ‘पायऱ्या किती?’ आणि स्वतः विचारत फिरले. औषधाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “छे हो, एकदम रोड लेव्हल.” हे तो पायरीवर उभा राहून सांगत होता. बँकेच्या शिपायाने तेच सांगितलं, वाचनालयाच्या बाईंनी तेच. कोणी खोटं बोलत नव्हतं. दोन पायऱ्या असल्या तर माणसं मोजतात, एकच असली तर ती त्यांच्या लेखी नसतेच. पाय आपोआप उचलला जातो आणि डोक्याला कळवतही नाही. मी मोठ्या तोऱ्यात त्या मुलीला हे सांगितलं. तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्याच बिल्डिंगचा फॉर्म मी भरला होता. मुख्य दरवाजा, पायऱ्या, शून्य.

“काकू, मी रोज मागच्या पार्किंगमधून आत येते. मला गाड्या बघायला आवडतात असं वाटलं का तुम्हाला?”

खाली जाऊन पाहिलं. एक पायरी आहे, काळ्या ग्रॅनाइटची. तिच्यावरून मी रोज चार वेळा जाते.

त्या संध्याकाळी मला तुमचं वाक्य आठवलं. माणसाला विचारू नकोस, गाडीला विचार. अण्णा, किती वर्षांत तुमची गाडी डोळ्यांसमोर आली नव्हती. बाबागाडीच्या चार चाकांवर बसवलेली लाकडी पेटी, दोन्ही बाजूंना उघडणारी दारं, आत तीन फळ्या. वरच्या फळीवर मासिकं, मधलीवर कादंबऱ्या, खालच्या फळीवर गुजराती अंक, कारण खालच्या मजल्यांवर गुजराती बायका जास्त होत्या आणि त्या आधी भेटायच्या, असा तुमचा हिशेब. सकाळी छापखान्याची पाळी, दुपारी दोन घास खाऊन अर्धा तास आडवं व्हायचं आणि चार वाजता फिरतं वाचनालय बाहेर. तुम्ही घंटा वाजवत नव्हता, हाक मारत नव्हता. पेव्हर ब्लॉक नव्हते तेव्हा, खडीच्या रस्त्यावर त्या चाकांचा आवाजच असा होता की बायका आपसूक गॅलरीत येत. “नवो अंक आव्यो के?” असं एक बा वरून विचारते आहे आणि तुम्ही मान वर करून “आव्यो, आव्यो” म्हणता आहात. तुमचं गुजराती तेवढंच.

नवी सोसायटी झाली की पहिल्या दिवशी तुम्ही तिथे पुस्तकं नेत नसायचात. रिकामी गाडी नेत होतात. मी एकदा म्हटलं होतं, “त्या नव्या बिल्डिंगचं गेट चांगलं रुंद आहे, मी कॉलेजातून येताना पाहिलं.” तुम्ही विचारलंत, “तू पाहिलंस. गाडीने पाहिलं का?” मी एकोणीस वर्षांची, पहिल्या वर्गात पास होणारी, मला राग आला. तुम्ही भर उन्हात मला रिकामी गाडी ढकलत तिथवर पाठवलंत आणि स्वतः मागून हात पाठीशी बांधून आलात. ते सरकतं गेट होतं. त्याचा लोखंडी रूळ जमिनीतून जेमतेम इंचभर वर होता. गाडीचं पुढचं चाक त्याला टेकलं आणि थांबलं. “आता लिही,” तुम्ही म्हणालात. तुम्ही रागावला नव्हतात. पण त्यानंतर मी कधी ‘पाहिलं’ या शब्दाच्या भरवशावर तुमच्यासमोर बोलले नाही.

तर अण्णा, मी गाडी शोधायला लागले. आधी भाजीची दोन चाकी पिशवी घेऊन फिरले, पण ती लबाड निघाली. पायरी आली की हात तिला नकळत वर उचलतो. मग स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरखाली असते ती चार बुटक्या चाकांची ट्रॉली काढली, मागे हँडल म्हणून मोडक्या वॉकरची दांडी बांधून घेतली आणि वजन म्हणून वर गव्हाचा डबा ठेवला. ती ट्रॉली अर्ध्या इंचालाही अडते. तुमच्या गाडीहून कडक. मग रोज सकाळी सहा ते आठ मी डबा ढकलत रस्ते तपासायला लागले. पहिल्याच आठवड्यात चौघांनी मला थांबवून सांगितलं, “आजी, गिरणी तिकडे आहे.” एका रिक्षावाल्याने डबा उचलून रिक्षात ठेवायलाही घेतला. मी त्याला ओरडले, तर म्हणाला, “भलाई का जमाना नहीं रहा.” आणि गिरणीवाला वेगळाच. पंधरा दिवस मी त्याच्या दारावरून गहू घेऊन गेलेली पाहून तो एक दिवस पिठाचे हात झटकत रस्त्यावर आला.

“आजी, एक विचारू? माझ्या दळणात काही खोट आहे का?”

“का रे?”

“रोज गहू माझ्या नाकासमोरून नेता आणि दळता कुठे तरी लांब. काय चुकलं ते तोंडावर सांगा ना.”

त्याला सगळं समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. त्या दिवशी मी तोच गहू दळून आणला, नाहीतर त्याला झोप लागली नसती. आता रस्ता कुठे खणला की सर्वात आधी त्याचा फोन येतो.

ॲपचं कॉम्प्युटरचं काम त्या मुलीचा कॉलेजातला मित्र करतो, अंधेरीला राहतो. त्याला प्रत्येक रस्त्यापुढे एक ते पाच चांदण्या द्यायच्या होत्या. मी विचारलं, “रस्त्याला चांदण्या कशाला? हॉटेल आहे का?” तो म्हणाला, “काकू, युजरला पटकन कळतं ना.” “काय कळतं? तीन चांदण्या म्हणजे खुर्ची जाईल की नाही?” शेवटी आम्ही चांदण्या काढल्या आणि प्रत्येक रस्त्याखाली तीन ओळी ठेवल्या. कोणी तपासला, काय ढकलून तपासला, कोणत्या दिवशी. म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं, विश्वास ठेवायचा की नाही. बऱ्याच रस्त्यांखाली माझं नाव आणि ‘गव्हाचा डबा’ असं आहे. मी ते अधूनमधून उघडून वाचते. कोणाला सांगत नाही.

हे सगळं छान चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यानंतर त्या मुलीला एका कॉलेजातून बोलावणं आलं, आठवड्यातून दोन दिवस शिकवायचं. कॉलेज आमच्यापासून जवळच, चालत गेलं तर पाऊण तासाच्या आत. मुलाखत शुक्रवारी साडेअकराला. तिच्या आईने ऐकताच नाही म्हटलं. आई माझ्याहून लहान, पूर्वी शाळेत शिकवायची, मुलीसाठी नोकरी सोडली आणि तीस वर्षं ती खुर्चीच्या मागे चालली. मी त्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात मेथीच्या जुड्या द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

“मी सोडायला येईन, आणायला येईन, तर जा.”

“आई, वर्गाच्या दाराशी पण उभी राहशील का? मुलं म्हणतील, मॅडमना आई सोडायला येते.”

“म्हणू देत. रस्त्यात पडलीस तर ती मुलं येणार आहेत?”

“मग आपण हे ॲप कशासाठी करतोय गं? काकू पहाटे उठून गहू फिरवतात तो कोणासाठी?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवून म्हणाली, “ठीक आहे. मंगळवारी एकटी जाऊन ये. कोणाचा हात न लागता. गेलीस तर शुक्रवारी मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. नाही जमलं तर घरून काम कर, विषय संपला.” मुलगी म्हणाली, “संपला.” दोघींची हनुवटी अगदी एकसारखी वर होती.

मंगळवारसाठी तिने ॲपमधला सर्वात जवळचा रस्ता निवडला. तो एका मोठ्या सोसायटीच्या आतून जातो, पुढच्या गेटातून आत, मागच्या गेटातून बाहेर. हमरस्त्यावरचे फूटपाथ आणि त्यावरचे ते मोटारसायकली अडवायला पुरलेले खांब सगळे टळतात. तो रस्ता मी शोधला होता, सकाळी पावणेसातला, दोन्ही गेटं सताड उघडी, दुधाचा टेम्पो आत, शाळेच्या बसेस बाहेर. डबा लोण्यासारखा गेला होता. मला त्या रस्त्याचा अभिमान होता.

इथे थोडं थांबून मला तुमच्या आजारपणातल्या त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. दिवाळी अंकांचे दिवस होते. तुम्हाला ताप भरला होता आणि सभासद वाट बघत असतील म्हणून तुम्ही कासावीस झाला होता. वर्षभर सगळे वाचतात, पण दिवाळी अंक पहिल्या आठवड्यात हातात पडला पाहिजे, नाहीतर त्याची चव जाते, असं तुम्ही म्हणायचात. शेवटी तुम्ही गाडी पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात दिलीत. “ठरलेल्या रस्त्यानेच जा. लांब पडला तरी तोच.” मी तासाभरात परत आले. गाडी उघड्या गटारावर कलंडली होती, सात अंक भिजले होते. घरी आल्यावर जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. मागचं डावं चाक सैल होतं, चालता चालता निखळलं. तुम्ही अंगावर पांघरूण घेऊन तसेच उठलात. गाडी उलटी केलीत, चाक काढलंत, पिन बदललीत, ग्रीस भरलंत. मला म्हणालात, “चूक माझी. तुझ्या हातात देण्याआधी मी बघायला हवं होतं.” ताप उतरल्यावर ज्यांचे अंक भिजले होते त्या सातही घरांत जाऊन तुम्ही तेच सांगितलंत, माझ्या गाडीचं चाक सैल होतं. भिजलेले अंक तुम्ही वर्तमानपत्रांत घालून गादीखाली वाळवलेत, छापखान्यात एकत्र बांधून आणलेत आणि मला पदवी मिळाली त्या दिवशी ते बाड माझ्या हातात दिलंत. “लोकांना देता येत नाही. तुला चालेल.” मला मिळालेल्या बक्षिसांत तेच एक अजून माझ्या कपाटात आहे. पानं लाटांसारखी उठलेली आहेत आणि पाचव्या अंकाला अजून वास येतो. पुढे जितकी वर्षं गाडी चालली तितकी वर्षं घरातून निघताना तुम्ही त्या चाकावर चप्पल ठोकून बघत होतात.

मंगळवारी साडेदहाला त्या मुलीचा मला फोन आला. आईला नाही, मला. आवाज सपाट होता. “काकू, मागच्या गेटाशी या.” मी दहा मिनिटांत पोचले, या वयात. गेटाची दोन्ही मोठी दारं साखळीने बंद होती. त्यातलं माणसापुरतं छोटं दार तेवढं उघडं होतं आणि त्याच्या खालून घोट्याइतका उंच लोखंडी पट्टा आडवा गेलेला. खुर्ची त्या पट्ट्याच्या अलीकडे. वॉचमन, एक माळी आणि इस्त्रीवाला असे तिघे तिला खुर्चीसकट उचलायला वाकलेले, आणि ती दोन्ही हात चाकांवर घट्ट धरून सांगत होती, “हात लावू नका. प्लीज, कोणी हात लावू नका.” मोठ्या दारांची चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ऑफिसात, ऑफिस चर्चगेटला.

तिने मांडीवरचा फोन माझ्याकडे वळवला. माझं नाव, गव्हाचा डबा, तारीख. “काकू, हे तुम्ही तपासलं होतं ना?”

मी लगेच म्हटलं, “मी आले तेव्हा उघडं होतं. यांनीच बंद...” आणि वॉचमनकडे बोट दाखवलं.

तो बिचारा सरळ उभा राहिला. “मेरे को क्यों बोलता है मॅडम? ये गेट रोज नौ बजे बंद होता है. मैं आया तब से. आप दूधवाले के टाइम पे आया होगा. किसी ने पूछाच नहीं.”

माझं बोट तसंच हवेत होतं. आणि अण्णा, ते बोट माझ्या ओळखीचं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं, उलट्या पडलेल्या गाडीच्या चाकाकडे दाखवणारं. मी ते खाली घेतलं. म्हटलं, “त्याची चूक नाही. माझी आहे. मी वेळ विचारली नाही.” इतकी वर्षं मी ऑफिसात माणसांकडून चुका लेखी कबूल करून घेतल्या आहेत. स्वतः हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची मला सवय नव्हती, आवाज जरा वेगळाच आला.

तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाली, “आधी पाणी प्या. तुम्ही धावत आलात. पडला असतात म्हणजे?” वॉचमननेच आपली बाटली दिली. खुर्चीही तिने स्वतःच वळवली, कोणाचा हात लागू दिला नाही. आम्ही आलो तशा परत गेलो.

तिच्या आईला मीच सांगितलं. “तुमची मुलगी अडकली नाही, तिला मी अडकवलं. एवढ्यावर विषय संपवू नका. शुक्रवारपर्यंत थांबा.” आई म्हणाली, “आणि शुक्रवारी काय वेगळं होणार आहे?” मी म्हटलं, “शुक्रवारी ती माझ्या रस्त्याने जाणार नाही.” कोणाच्या रस्त्याने जाणार ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, बाईंना भ्रम झाला.

त्या दुपारी मी डबा घेऊन तुमच्या वाटेला लागले, अण्णा. बाजारामागची गल्ली, नाला, गिरणी, शाळेची मागची भिंत. मला ती आठवेल की नाही याची खात्री नव्हती, पण वळणं पायांना माहीत होती. आता सगळं काँक्रीट आहे, नाल्यावर कठडा आहे, आणि तो रस्ता अजूनही कुठेच वर चढत नाही. लांब पडतो. बारा मिनिटं जास्त. डबा एकाच ठिकाणी अडला, गिरणीसमोरच्या मोरीवर, जिथे पावसाळ्यानंतर घातलेलं नवं काँक्रीट जुन्याला नीट मिळालेलं नाही. गिरणीवाला बघत होता. संध्याकाळी त्याने स्वतः दोन पाट्या सिमेंट कालवून तिथे उतार करून टाकला. वर मला बजावलं, “हे तुमच्यासाठी नाही हां. माझी पिठाची ट्रॉली पण अडते तिथे.” बुधवारी आणि गुरुवारी मी बरोबर साडेदहाला निघून तोच रस्ता तपासला आणि वाटेतल्या प्रत्येक गेटाला, प्रत्येक दुकानदाराला विचारलं, किती वाजता काय बंद होतं, काय बाहेर मांडलं जातं. ॲपमध्ये आता चौथी ओळ आहे, ‘किती वाजता’. आणि त्या सोसायटीच्या गेटाखाली मी लिहून ठेवलं आहे, ‘नऊनंतर बंद. तपासणारीने विचारलं नव्हतं.’ अंधेरीचा तो मित्र म्हणाला, “काकू, दुसरं वाक्य काढूया, लोकांना काय करायचंय?” मी ठेवायला लावलं.

शुक्रवारी ती निघाली तेव्हा मी घरीच बसले, डाळ निवडत. फोनच्या नकाशावर तिचा निळा ठिपका दिसत होता. बाजार झाला. नाला झाला. गिरणीपाशी ठिपका थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. मी उठून चपला घातल्या. मग ठिपका हलला, शाळेची भिंत धरून पुढे गेला आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी कॉलेजात शिरला. मी चपला काढल्या आणि उरलेली डाळ निवडली. दुपारी ती सांगायला आली. गिरणीवाल्याने तिला थांबवून विचारलं होतं, “तुम्ही गहूवाल्या आजींच्या का?” आणि स्वतः केलेल्या उतारावरून दोनदा जायला लावलं होतं, नीट झालाय की नाही बघायला. आणि तिची आई, जी घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती, ती शाळेच्या कोपऱ्यावर नारळवाल्याच्या गाडीमागे उभी होती.

“मी लांबूनच ओरडले, आई, तुझी साडी दिसतेय!”

“मग?”

“मग म्हणाली, मी नारळपाणी प्यायला आलेय, तू तुझ्या कामाला जा.”

हात मात्र कोणी लावला नाही. काम तिला मिळालं. मंगळवार आणि शुक्रवार. आता त्या दोन दिवशी तिच्या आईला सकाळी काय करावं कळत नाही. परवा ती माझ्याकडे आली, सोफ्याच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “तुमची ती ट्रॉली मंगळवारची मला द्याल का? रेल्वेपलीकडची बाजू तुमची राहिलीय म्हणे.” मी दिली. गहू तिने स्वतःचा आणला.

मी बरी आहे, अण्णा. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना त्याची परवानगी दिलेली नाही.

तुमच्या त्या ठरलेल्या रस्त्याने मी दिवाळी अंकांच्या त्या दिवशी गेले नव्हते. रसाच्या दुकानासमोर माझ्या वर्गातल्या तीन मुली उभ्या होत्या, छान कपडे केलेल्या, आणि मी पेटीची गाडी ढकलत त्यांच्यासमोरून जाणार होते. त्यांनी मला अजून पाहिलं नव्हतं. मी गाडी दोन बिल्डिंगमधल्या बोळात घातली. बोळाच्या शेवटी एक पायरी होती, एकच. मला ती दिसली होती. वाटलं, एवढीशी तर आहे. गाडी तिच्यावरून थेट खालच्या गटारावर कलंडली. तुम्ही सात घरांच्या पायऱ्या चढून गेलात, तापातून नुकते उठलेले, आणि मी गॅलरीत उभी राहून तुम्हाला जाताना पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही पुष्कळ वेळा सांगता आलं असतं. लाज तुमच्या गाडीची वाटली होती, हे कसं सांगणार?

आता तसलीच गाडी मी रोज ढकलते, अख्ख्या बोरीवलीसमोर, आणि लोक मला गिरणीचा पत्ता सांगतात. हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच. भिजलेल्या अंकांच्या त्या बाडात, पाचव्या अंकाच्या पानांत ठेवून देईन. सकाळी सहाला निघताना मीही ट्रॉलीच्या मागच्या डाव्या चाकावर चप्पल ठोकून बघते. ते घट्ट असतं. तेव्हाही होतं.